वाहनकर्ज, थकलेले हप्ते आणि गाडीची जप्ती : आपले हक्क व आपली कर्तव्ये

(वर्षावासानिमित्त विहारात झालेल्या प्रबोधनपर व्याख्यानाचा मजकूर)



वर्षावासाच्या व्याख्यानमालेत हप्त्यावर घेतलेल्या गाडीचा विषय कशासाठी, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. विहारात धम्मावर बोलावे, हप्त्यांवर कशाला बोलावे, असे वाटणे साहजिक आहे. परंतु तथागतांनी गृहस्थाला उपदेश करताना त्याच्या पैशाअडक्याचा प्रश्न कधी टाळला नाही. अनाथपिंडिकाला त्यांनी गृहस्थाची चार सुखे सांगितली. न्यायाने मिळवलेली संपत्ती असणे हे पहिले सुख, तिचा उपभोग व दान हे दुसरे, कोणाचे लहानमोठे देणे नसणे हे तिसरे आणि निर्दोष आचरण हे चौथे. म्हणजे ऋणमुक्ती हे धम्माने मानलेले सुख आहे. विनयामध्ये तर कर्जबाजारी माणसाला प्रव्रज्या देऊ नये असा नियमच आहे. आधी लोकांचे देणे फेडा, मग चीवर अंगावर घ्या, असा त्याचा साधा अर्थ आहे.

अंगुत्तर निकायात इण सुत्त नावाचे एक सुत्त आहे. इण म्हणजे ऋण. त्यात तथागतांनी एक साखळी सांगितली आहे. दारिद्र्य दुःखाचे आहे. दरिद्री माणूस कर्ज काढतो, तेही दुःखाचे. मग व्याज लागते, वेळेवर न दिले की तगादा येतो, पुढे धनको पाठलाग करतो आणि शेवटी बंधन येते. अडीच हजार वर्षांपूर्वीचे हे वर्णन आजच्या वाहनकर्जाला जसेच्या तसे लागू पडते. आणि याच सुत्तात पुढे फार मोलाची गोष्ट आहे. वाईट कृत्य हे जर कर्ज मानले, तर ते लपवण्यासाठी माणूस जी धडपड करतो ते त्याचे व्याज होय, असे तेथे समजावले आहे. आजच्या माझ्या बोलण्याचे सार या एका गोष्टीत आहे. हप्ता थकणे हे पाप नाही. आजारपण, नोकरी जाणे, अपघात, धंद्यातील मंदी यांमुळे तो कोणाचाही थकू शकतो. परंतु तो थकल्यावर जी लपवाछपवी सुरू होते, तिचे व्याज मात्र फार जबर असते.

आपल्या समाजातील तरुणांनी चारचाकी गाडी घ्यावी, टुरिस्ट परमिट काढावे, रिक्षा-टेम्पो चालवून स्वतःच्या पायावर उभे राहावे, यात अभिमान वाटण्यासारखेच आहे. ज्यांच्या आजोबांना गावात बैलगाडीतही बसू दिले जात नव्हते, त्यांच्या नातवाच्या दारात स्वतःची गाडी उभी राहते तेव्हा सारी वस्ती पेढे खाते. आणि म्हणूनच ती गाडी एके दिवशी फायनान्सवाले ओढून नेतात, तेव्हा नुसते वाहन जात नाही. घरची कमाई जाते, वस्तीतली मान खाली जाते आणि जामीन राहिलेल्या मेहुण्याशी किंवा मित्राशी कायमचे वैर होते. घरातला कर्ता माणूस कोणाला काही सांगत नाही, त्यामुळे वेळेवर मदतही मिळत नाही.

आता आधी हे कर्ज असते कसे ते पाहू. गाडी आपल्या नावावर असते, आर.सी. वर आपले नाव असते. परंतु त्याच आर.सी. वर कर्ज देणाऱ्या बँकेचा किंवा वित्त कंपनीचा बोजा नोंदवलेला असतो. याला हायपोथिकेशन म्हणतात. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५१ मध्ये या नोंदीची तरतूद आहे. बोजा चढवण्याचा फॉर्म ३४ आणि उतरवण्याचा फॉर्म ३५. बोजा असेपर्यंत कंपनीच्या संमतीशिवाय गाडी दुसऱ्याच्या नावावर होत नाही. म्हणून कोणी सांगितले की 'गाडी मला दे, पुढचे हप्ते मी भरतो, शंभराच्या स्टॅम्पवर लिहून देतो', तर त्या व्यवहारात पडू नका. त्याने हप्ते भरले नाहीत तर नोटीस आपल्याच दारात येते, आणि त्या गाडीचा अपघात झाला तरी कागदोपत्री मालक आपणच असतो.

दुसरी गोष्ट व्याजदराची. विक्रेता सांगतो, 'फक्त अकरा टक्के.' आपण विचारले पाहिजे, अकरा टक्के कसे? घटत्या शिल्लकेवर की सरसकट? समजा, सहा लाख रुपयांचे कर्ज पाच वर्षांसाठी घेतले. घटत्या शिल्लकेवर ११ टक्के दराने हप्ता येतो सुमारे १३,०४५ रुपये. परंतु तेच ११ टक्के सरसकट पद्धतीने, म्हणजे पाचही वर्षे पूर्ण सहा लाखांवर धरले, तर व्याज होते ३,३०,००० रुपये आणि हप्ता येतो १५,५०० रुपये. हा प्रत्यक्षात जवळजवळ १९ टक्क्यांचा दर झाला. शब्द तेच, पण महिन्याला अडीच हजारांचा फरक. १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ कर्जांसाठी कर्जदाराला समजेल अशा भाषेत मुख्य तथ्यांचे विवरणपत्र देणे रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केले आहे. त्यात सर्व खर्च धरून वार्षिक दर किती पडतो ते लिहिलेले असते. सही करण्यापूर्वी तो कागद मागा, घरी आणा, मुलांकडून वाचून घ्या.

आता हप्ता थकला की काय होते ते क्रमाने पाहू. पहिला हप्ता चुकला की खात्यावर थकबाकीची खूण लागते. ३० दिवस, ६० दिवस असे टप्पे असतात. ९० दिवसांवर थकबाकी गेली की ते खाते अनुत्पादक, म्हणजे एन.पी.ए. ठरवले जाते. हप्त्याचा चेक किंवा खात्यातून आपोआप वळती होणारी रक्कम परत गेली, तर प्रत्येक वेळी बँकेचा वेगळा आकार लागतो. चेक न वटल्यास परक्राम्य संलेख कायद्याच्या कलम १३८ खाली फौजदारी खटला होऊ शकतो, आणि आपोआप वळती होणारी रक्कम परत गेल्यास २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याच्या कलम २५ खालीही तशीच तरतूद आहे. कलम १३८ ची नोटीस मिळाली तर ती मिळाल्यापासून १५ दिवसांत रक्कम भरल्यास तो गुन्हा होत नाही. म्हणून टपाल आले की ते न फोडता कोनाड्यात ठेवू नका. नोटीस नाकारली म्हणजे ती लागू होत नाही, ही समजूत अत्यंत घातक आहे.

दंडाच्या बाबतीत एक चांगला नियम झाला आहे. रिझर्व्ह बँकेने १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकाने दंडव्याज लावण्यास मनाई केली. उशिराबद्दल दंडाचा आकार घेता येतो, पण तो वाजवी असला पाहिजे आणि त्या दंडावर पुन्हा व्याज चढवता येत नाही. २०२४ पासून हा नियम अमलात आहे. तेव्हा खात्याचा उतारा मागून घ्या आणि मुद्दल किती, व्याज किती, दंड किती ते वेगवेगळे तपासा.

बंधूंनो आणि भगिनींनो, आता मी एक हिशेब मांडतो. तो विद्यार्थ्यांनी वहीत लिहून घ्यावा. वरच्या उदाहरणातील सहा लाखांचे कर्ज घेऊन एका गृहस्थाने २४ हप्ते वेळेवर भरले. म्हणजे ३,१३,००० रुपये दिले. त्याला वाटते, अर्धे कर्ज फिटले. प्रत्यक्षात बाकी असते सुमारे ३,९८,००० रुपये, कारण सुरुवातीच्या हप्त्यांत व्याजाचा भाग मोठा असतो. मग तीन हप्ते थकले. थकलेली रक्कम झाली सुमारे ३९,००० आणि व्याजासह एकूण येणे झाले सुमारे ४,०९,५०० रुपये. गाडी जप्त झाली. ओढून नेण्याचा, यार्डात ठेवण्याचा, मूल्यांकनाचा खर्च समजा १५,००० धरला. लिलावात गाडीला तीन लाख आले. म्हणजे गाडीही गेली आणि १,२४,५०० रुपये अजून डोक्यावर राहिलेच! 'गाडी नेली, सुटलो एकदाचे' असे म्हणणाऱ्यांनी हा आकडा ध्यानात ठेवावा. गाडी नेल्याने कर्ज संपत नाही. लिलावाची रक्कम वजा जाऊन उरलेले देणे कर्जदाराकडून आणि जामीनदाराकडून वसूल करता येते.

याच गृहस्थाने वेळेवर विचार केला असता तर त्याच्यापुढे तीन मार्ग होते. पहिला, ३९,००० रुपयांची व्यवस्था करून, किंवा त्यातील निम्मे भरून बाकीचे पुढच्या हप्त्यांत विभागून मागणे. दुसरा, मुदत वाढवून हप्ता लहान करून घेणे. याला पुनर्रचना म्हणतात. ती देणे न देणे कंपनीच्या हाती असते, पण लेखी मागितल्याशिवाय ती कोणी देत नाही. तिसरा, गाडी ठेवणे शक्यच नसेल तर कंपनीकडून संपूर्ण देण्याचे पत्र घेऊन तिच्या संमतीने गाडी स्वतः विकणे. चालू स्थितीतील गाडी मालकाने उजळ माथ्याने विकली तर लिलावापेक्षा सहसा जास्त किंमत येते. समजा ३,६०,००० आले, तर उरलेले देणे ४९,५०० वर येते. सव्वा लाख आणि पन्नास हजार यांत एका मुलीच्या शिक्षणाएवढा फरक आहे.

म्हणून माझा पहिला आग्रह असा की, हप्ता चुकणार हे दिसू लागताच, चुकण्याच्या आधी, एक साधा अर्ज लिहा. कर्ज खाते क्रमांक, अडचणीचे कारण, सोबत दवाखान्याचा किंवा नोकरी सुटल्याचा पुरावा, आज किती भरू शकतो आणि उरलेले कोणत्या तारखेला भरू, एवढे चार मुद्दे पुरेत. शाखेत देऊन पोचशिक्का घ्या, किंवा स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपून ठेवा. फोनवरील आश्वासनाला काही किंमत नसते. वसुलीला आलेल्या माणसाच्या हाती रोख रक्कम पावतीशिवाय कधीही देऊ नका. आणि जे पाळता येणार नाही असे वचन देऊ नका. मुसावादापासून विरत राहण्याचे शील आपण रोज घेतो, ते धनकोलाही लागू आहे.

हप्ता भरण्यासाठी बिनपरवाना सावकाराकडे जाणे किंवा मोबाईलवरील झटपट कर्जाच्या मागे लागणे म्हणजे विस्तव विझवण्यासाठी रॉकेल ओतणे होय. महाराष्ट्रात २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय सावकारी करणे गुन्हा आहे. दरमहा शेकडा दहाने पैसे घेऊन ११ टक्के वार्षिक दराचा हप्ता भरणारे लोक आपल्यात आहेत. त्यांना कोणीतरी वेळीच थांबवले पाहिजे.

आता मुख्य प्रश्न. न्यायालयात न जाता कंपनी गाडी नेऊ शकते काय? याबाबत समाजात दोन टोकांच्या समजुती आहेत. एक म्हणतो, कोर्टाच्या हुकुमाशिवाय गाडीला हात लावता येत नाही. दुसरा म्हणतो, त्यांची गाडी आहे, ते केव्हाही, कशीही नेतील. दोन्ही समजुती अपुऱ्या आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली ओरिक्स ऑटो फायनान्सच्या प्रकरणात, करारात तसे कलम असेल तर हप्ते थकल्यावर ताबा घेण्यास कायद्याची आडकाठी नाही, असे म्हटले. २०२० च्या मॅग्मा फिनकॉर्प प्रकरणात हायर पर्चेस कराराबाबत तेच तत्त्व सांगितले आणि आगाऊ नोटीस आवश्यक आहे की नाही हे करारातील अटींवर ठरेल असे म्हटले. परंतु याच न्यायालयाने २००७ साली एका ट्रकच्या प्रकरणात, बँकांनी गुंड वापरून गाड्या ओढण्याच्या प्रकाराची कठोर शब्दांत निर्भर्त्सना केली. २०११ साली सिटीकॉर्प मारुती फायनान्सच्या प्रकरणात, बळाचा वापर करून ताबा घेता येणार नाही, हे पुन्हा बजावले. पाटणा उच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये वसुली एजंटांकरवी होणाऱ्या बळजबरीच्या जप्तीविरुद्ध निकाल दिला. या सर्वांचे सार असे की, कंपनीचा हक्क मान्य आहे, तिची दांडगाई मान्य नाही.

वित्त कंपन्यांसाठी रिझर्व्ह बँकेची न्याय्य व्यवहार संहिता आहे. तिच्याप्रमाणे जप्तीचे कलम करारात असेल तर त्यात सहा गोष्टी स्पष्ट असल्या पाहिजेत. ताबा घेण्यापूर्वी किती दिवसांची नोटीस, कोणत्या परिस्थितीत नोटिशीची गरज नाही, ताबा घेण्याची रीत कोणती, विक्री किंवा लिलावापूर्वी कर्जदाराला पैसे भरण्याची शेवटची संधी, पैसे भरल्यास गाडी परत देण्याची रीत, आणि विक्रीची रीत. शिवाय कराराची संपूर्ण प्रत कर्जदाराला दिली पाहिजे. आपल्यापैकी किती जणांच्या घरी ती प्रत आहे? ज्यांच्याकडे नसेल त्यांनी याच आठवड्यात अर्ज करून ती मागवावी. भांडण उभे राहिल्यावर हाच कागद आधी पाहिला जातो.

वसुलीच्या वागणुकीचेही नियम आहेत. १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकाने रिझर्व्ह बँकेने सांगितले की, थकबाकीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येणार नाही. शिवीगाळ, धमकी, चारचौघांत अपमान, नातेवाईक-मित्रांना त्रास, यांस मनाई आहे. हे नियम निष्प्राण नाहीत. सप्टेंबर २०२२ मध्ये झारखंडमधील हजारीबाग येथे ट्रॅक्टर ओढून नेताना एका गर्भवती भगिनीचा चिरडून मृत्यू झाला. त्यानंतर रिझर्व्ह बँकेने संबंधित वित्त कंपनीला बाहेरच्या एजंटांमार्फत वसुली आणि जप्ती ताबडतोब थांबवण्याचा आदेश दिला, आणि तो जानेवारी २०२३ पर्यंत लागू राहिला. एका कुटुंबाचे जे गेले ते मात्र कोणत्याही आदेशाने परत येणार नाही. म्हणून मी आपणास कळकळीने सांगतो, गाडीसमोर आडवे पडू नका, चालत्या गाडीला लोंबकळू नका. गाडी पुन्हा घेता येईल, माणूस आणता येणार नाही.

मग ते लोक दारात आले तर काय करावे? प्रथम शांत राहा. ओळखपत्र आणि कंपनीचे अधिकारपत्र मागा. ते दाखवले नाही, रस्त्यात गाडी अडवून किल्ली हिसकावली किंवा मारहाण केली, तर ११२ वर फोन करा आणि पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या. शेजाऱ्यांना बोलवा ते साक्षीसाठी, मारामारीसाठी नव्हे. ताबा द्यावा लागलाच तर गाडीचे चारी बाजूंनी फोटो काढा. किलोमीटरचा आकडा, स्टेपनी, जॅक, टेप, टायरची स्थिती यांची यादी करून त्यांची सही घ्या. आपल्या वस्तू आणि कागदपत्रे काढून घ्या. गाडी कोणत्या यार्डात जाणार ते लिहून घ्या. कोऱ्या कागदावर सही करू नका. आणि 'मी स्वखुशीने गाडी परत करीत आहे' असा छापील कागद पुढे केला, तर स्वखुशी नसताना त्यावर सही करू नका.

याला दुसरी बाजूही आहे. गाडी मामाच्या गावी लपवून ठेवणे, नंबर प्लेट बदलणे, सुटे भाग काढून विकणे, हे प्रकार काही तरुण हुशारी समजून करतात. ही हुशारी नव्हे. त्यातून दिवाणी प्रश्नाचा फौजदारी प्रश्न होतो आणि न्यायालयापुढे आपली बाजू मलिन होते.

गाडी गेल्यानंतरही सर्व संपले असे नाही. दुसऱ्याच दिवशी लेखी पत्र द्या. गाडी सोडवण्यासाठी एकूण किती भरावे लागेल, विक्रीपूर्वीची शेवटची मुदत कोणती, विक्री कशी होणार, असे विचारा. विक्री झाल्यावर किती रक्कम आली, किती खर्च धरला, किती उरले याचा हिशेब मागा. येणे वजा जाता रक्कम शिल्लक राहिली तर ती आपली आहे. लवादाचे पत्र आले तर त्याकडे दुर्लक्ष करू नका. वादात हितसंबंध असलेल्या पक्षाने एकट्यानेच एकमेव लवाद नेमणे योग्य नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली म्हटले आहे. पण तो आक्षेप हजर राहून, लेखी घ्यावा लागतो. तडजोड केली तर पत्र घेतल्यावरच पैसे भरा आणि 'संपूर्ण देणे फिटले' असा दाखला घ्या. कमी रकमेत मिटवलेले कर्ज पतमाहितीत 'सेटल्ड' म्हणून दिसते आणि पुढच्या कर्जाला अडचण येते, हेही जाणून निर्णय घ्या.

जे शेवटचा हप्ता भरून मोकळे होतात त्यांनीही स्वस्थ बसू नये. एन.ओ.सी. आणि फॉर्म ३५ घेऊन आर.टी.ओ. कडील बोजा उतरवून घ्यावा. संपूर्ण फेड झाल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत देणे आणि नोंदवलेला बोजा काढणे हे डिसेंबर २०२३ पासून कर्ज देणाऱ्यांवर बंधनकारक आहे. त्यांच्या चुकीने उशीर झाल्यास दर दिवशी ५,००० रुपये भरपाईची तरतूद आहे.

जामीनदारांसाठी दोन शब्द. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १२८ प्रमाणे, करारात वेगळे काही नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. 'नुसती सही कर, बाकी मी पाहतो' या वाक्यावर आपल्या समाजातील कितीतरी नोकरदारांचे पगार अडकले आहेत. जामीन राहायचे तर कराराची प्रत स्वतः घ्या आणि हप्ते भरले जातात की नाही ते दर महिन्याला विचारा. विचारण्यात कमीपणा नाही. आणि कर्जदाराने हप्ता चुकताच सर्वांत आधी जामीनदाराला सांगितले पाहिजे. ज्याने आपल्यावर विश्वास टाकला त्याला बातमी नोटिशीतून कळावी, हे मैत्रीला शोभत नाही.

आता दाद कोठे मागायची? प्रथम त्या बँकेच्या किंवा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. त्याला फी नाही, वकील लागत नाही. सेवेतील त्रुटीबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. स्वयंरोजगाराने पोट भरण्यासाठी घेतलेली गाडी असेल तर तिचा मालक ग्राहकच समजला जातो. लोकअदालतीत कोर्ट फी न भरता तडजोड होते, मात्र तेथील निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. म्हणून सही करण्यापूर्वी झेपेल तेवढेच कबूल करा.

आणि एक गोष्ट आपल्या समाजाने विशेष लक्षात ठेवावी. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जातीच्या व्यक्तीला, तसेच कोणत्याही महिलेला, उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो. १९९० साली अनुसूचित जाती आदेशात दुरुस्ती होऊन बौद्धांचाही त्यात समावेश झाला. तेव्हा जातीचा दाखला केवळ शाळेच्या प्रवेशासाठी आणि नोकरीसाठी नसतो. तो घेऊन तालुका विधी सेवा समितीकडे किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही माहिती मिळते. हा हक्क आहे, भीक नव्हे. बाबासाहेबांनी १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला, तेव्हा या देशात रिझर्व्ह बँकही नव्हती. ती १९३५ साली आली. ज्या महामानवाने चलनाचे आणि अर्थकारणाचे एवढे गाढे अध्ययन केले, त्याच्या अनुयायांनी दहा पानांचा करार न वाचता सही करावी, हे आपल्याला शोभणारे नाही.

कर्ज घेण्यापूर्वी काय पाहावे, तेही तथागतांनी सांगून ठेवले आहे. सिगालोवाद सुत्तात मिळकतीचे चार भाग करण्यास सांगितले आहे. एक भाग उपभोगासाठी, दोन व्यवसायासाठी आणि चौथा संकटकाळासाठी शिल्लक. कोलिय कुळातील दीघजाणू याला, तराजू धरणारा जसा दोन्ही पारडी पाहतो तसे गृहस्थाने आय आणि व्यय पाहून समजीविता ठेवावी, असे सांगितले आहे. यावरून माझी साधी सूचना अशी : गाडी घेण्यापूर्वी सहा महिने हप्त्याएवढी रक्कम दरमहा बँकेत बाजूला टाकून पाहा. टाकता आली तर हप्ता झेपेल आणि सहा हप्त्यांची गंगाजळीही हाती राहील. टाकता आली नाही तर गाडी अजून झेपत नाही, हे गाडी न घेताच कळेल. शेजाऱ्याने घेतली म्हणून, हुंडाबंदीच्या काळात जावयाला 'भेट' म्हणून, किंवा लग्नाच्या वरातीसाठी कर्जाची गाडी घेणे, हे धम्माच्या वाटेवरचे आचरण नव्हे.

शेवटी आपल्या संस्थेसाठी आणि विद्यार्थ्यांसाठी माझी एक विनंती आहे. महिन्यातील एका रविवारी बुद्धवंदनेनंतर एक तास विहारात कागद वाचण्यासाठी ठेवावा. ज्याला नोटीस आली असेल, करार समजत नसेल, अर्ज लिहायचा असेल, त्याने तो कागद घेऊन यावे. महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलामुलींनी तो वाचून दाखवावा, व्याजाचा हिशेब करून द्यावा, अर्ज लिहून द्यावा. वकिली करणाऱ्या बांधवांनी आळीपाळीने एक तास द्यावा. तेथे ऐकलेली गोष्ट बाहेर कोणी बोलू नये, हा नियम मात्र कडक असावा. कारण लाजेमुळे लपवणे आणि लपवल्यामुळे व्याज वाढणे, ही साखळी तोडायची असेल तर दुःख सांगण्यासाठी एक विश्वासाची जागा हवी. ती जागा विहार नसेल तर दुसरी कोणती असणार?

विद्यार्थी मित्रांनो, आज घरी गेल्यावर एक काम करा. वडिलांना प्रेमाने विचारा, 'बाबा, आपल्या गाडीच्या कर्जाचे कागद कुठे आहेत? मला वाचायला द्या.' त्यांना राग आला तरी तुम्ही रागावू नका. ती फाईल उघडा, हप्त्याची तारीख, बाकी रक्कम आणि जप्तीचे कलम शोधा आणि एका कागदावर मराठीत लिहून घरात लावा. शिका हा बाबासाहेबांचा आदेश आपण परीक्षेपुरता ठेवू नये, तो घराच्या उंबरठ्यापर्यंत यावा, एवढीच अपेक्षा व्यक्त करतो.



नमो बुद्धाय! जयभीम!